पॅथॉलॉजी रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष: आधी नॉर्मल ओळखा, मग सुरी उचला

रेसिडेन्सी सुरू व्हायला दोन-तीन महिने हातात असले की बरेच जण ट्यूमरची वर्गीकरणं पाठ करायला घेतात. ती राहू द्या. पहिल्या वर्षी गाडी अडते ती नॉर्मलपाशी. प्रोस्टेटच्या सुईच्या बायोप्सीत कधीकधी शेजारच्या सेमिनल व्हेसिकलचा (वीर्यातला द्रव बनवणाऱ्या ग्रंथीचा) कण येतो. त्याच्या पेशींची केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी असतात, आणि नवख्या डोळ्याला तो सरळ कॅन्सर वाटतो. पण त्याच पेशींत सोनेरी-तपकिरी लायपोफ्युसिन या रंगद्रव्याचे दाणे असतात आणि मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) जवळपास नसतात. हे आधी निवांत पाहून ठेवलं असेल तर फसगत होत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पॅनेथ पेशींचंही तसंच. सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) त्या असायच्याच. रेक्टममध्ये दिसल्या तर जुन्या इजेची शंका घ्यायची.

म्हणून रोज एक अवयव घ्या: त्वचा, जठर (अँट्रम आणि बॉडी वेगवेगळे), ड्युओडेनम, कोलन, लिव्हर, किडनी, स्तन, सर्व्हिक्स, एंडोमेट्रियमच्या दोन्ही अवस्था, थायरॉइड, लिम्फ नोड, प्रोस्टेट. काचेची स्लाइड मिळाली तर आधी उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी पाहा आणि तुकडे मोजा. मग 4एक्सवर एकही कोपरा न सोडता फिरा. 40एक्सवर जायचं ते एखादा ठरावीक प्रश्न मनात घेऊनच. आकाराचा अंदाज घ्यायला तांबडी पेशी ही हाताशी असलेली पट्टी आहे, साधारण 7 मायक्रॉन. उत्तर पाहण्याआधी निदानाची एक ओळ लिहून काढा. न लिहिता पाहिलं की आपल्याला सगळं येत होतं असाच भास होतो.

मायक्रोस्कोपच्या आयपीसवरचा फील्ड नंबर (दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास यावरून काढतात) वाचून ठेवा. 22 असेल तर 40एक्सवर दिसणारं वर्तुळ 0.55 मिमी व्यासाचं, म्हणजे सुमारे 0.24 चौरस मिमी. 18 असेल तर जेमतेम 0.16. दोघांनी ‘दहा फील्डमध्ये’ मायटोसिस मोजले तरी एकाने दुसऱ्याच्या दीडपट टिश्यू पाहिलेला असतो. म्हणून आकडा चौरस मिलिमीटरमागे द्यायची सवय पहिल्यापासून लावा.

आता ग्रॉसिंग, म्हणजे आलेला नमुना नुसत्या डोळ्यांनी तपासून, मोजून स्लाइडसाठी कापणं. यातल्या चुका पुढे भरून काढता येत नाहीत, त्यामुळे खरी तयारी इथे हवी. टेबलावर एका वेळी एकच केस उघडी ठेवा. डबा, फॉर्म आणि कॅसेट (कापलेला तुकडा ठेवायची जाळीदार डबी) या तिन्हींवरचं नाव आणि नंबर जुळल्याशिवाय ब्लेडला हात लावू नका. आधी मोजमाप, मग दिशा (नमुन्याची कुठली बाजू शरीरात कुठे होती), मग फोटो, मग कापलेली कड ओळखण्यासाठी शाई आणि शेवटी काप, हा क्रम मोडू नका. शाई लावण्याआधी पृष्ठभाग टिपून कोरडा करा आणि शाई वाळू द्या. ओल्यावर लावलेली शाई फटींतून आत झिरपते, मायक्रोस्कोपखाली ट्यूमर शाईला टेकलेला दिसतो, आणि मार्जिन खरंच पॉझिटिव्ह आहे का, म्हणजे ट्यूमर कापलेल्या कडेपर्यंत पोचलाय का, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

काप 3 ते 4 मिमीपेक्षा जाड नको. कॅसेटची आतली खोली सुमारे 5 मिमीच असते. कोंबून भरलेल्या तुकड्यावर कॅसेटच्या जाळीचे वळ उठतात, प्रोसेसिंगचे द्रव मध्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मायक्रोटोमवर (अतिपातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) नेमका तोच भाग फाटतो.

टिश्यू टिकवणारं फॉर्मॅलिन (10 टक्के न्यूट्रल बफर्ड, म्हणजे साधारण 4 टक्के फॉर्माल्डिहाइड) टिश्यूच्या निदान दहापट घ्या. ते फार हळू आत शिरतं. न उघडता बादलीत टाकलेलं कोलन सकाळी बाहेरून कडक आणि आतून विरघळलेलं मिळतं. आलं की उघडा, धुवा, बोर्डवर टाचा. स्तनाचा नमुना एका तासाच्या आत कापून फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि तिथे 6 ते 72 तास राहिला पाहिजे. दोन्ही वेळा लिहून ठेवा, कारण हार्मोन रिसेप्टरच्या चाचणीचा निकाल यावर टिकतो.

काही नमुन्यांवर फॉर्मॅलिन ओतलं की संपलं. लिम्फोमाची शंका असलेला नोड (फ्लो सायटोमेट्री या सुट्या पेशींच्या तपासणीला ताजा भाग लागतो), इम्युनोफ्लुरोसन्स या चमकत्या रंगाच्या तपासणीसाठीची किडनी बायोप्सी, कल्चरला जाणारा तुकडा. गाउटचे स्फटिकही त्यात विरघळतात, त्यांना अल्कोहोल लागतं. शंका आली तर ओतण्याआधी सीनिअरला विचारा. हा प्रश्न विचारल्याबद्दल कुणी रागावत नाही.

कोलनच्या कॅन्सरमध्ये किमान 12 लिम्फ नोड शोधायचे असतात. चरबीचे पातळ काप करून बोटांनी चाचपा. कमी मिळाले तर पुन्हा बसा. दोन नोड अर्धे करून एकाच कॅसेटमध्ये टाकायचे असतील तर वेगवेगळ्या रंगांची शाई लावा. नाहीतर चार अर्धुकांत दोन ठिकाणी ट्यूमर दिसला तर एक नोड मोजायचा की दोन, हे कळणार नाही.

प्रत्येक केसनंतर चिमटा, ब्लेड आणि बोर्ड पुसा. पॅपिलरी (बोटांसारखे फुटवे असलेल्या) ट्यूमरचे कण सहज सुटतात आणि दुसऱ्याच पेशंटच्या ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यात) जाऊन बसतात, म्हणून असे नमुने शेवटी घ्या. ब्लेड बोथट वाटलं की लगेच बदला: बोथट ब्लेडवर जोर द्यावा लागतो आणि ते निसटतं. नमुना धरणाऱ्या हातात कापरोधक ग्लोव्ह हवाच.

वर्णनात ‘लहानशी गाठ’ लिहू नका. तीन मापं, रंग, कडा आणि जवळच्या मार्जिनपासूनचं अंतर लिहा. कुठला ब्लॉक कुठून घेतला ही यादी त्याच बैठकीत पुरी करा, दुसऱ्या दिवशी ती आठवत नाही. आणि उरलेला टिश्यू नाव-नंबर घातलेल्या डब्यात, फॉर्मॅलिनमध्ये परत ठेवा. स्लाइड पाहिल्यावर आणखी ब्लॉक लागतात, तेव्हा दिशा ओळखता येईल असाच तो ठेवलेला असावा.