चित्रकार दीनानाथ दलालांचं चित्र बघून स्वतःचं चित्र कसं काढायचं

"आवडत्या चित्रकाराच्या कामाबद्दल लिहा आणि त्यावरून प्रेरित होऊन चित्र काढा" असा प्रोजेक्ट मिळाला की बरीच मुलं सरळ व्हॅन गॉग घेतात, मोबाइलवर एक फोटो बघतात, गोल गोल फटकारे मारतात आणि मोकळी होतात. व्हॅन गॉग थोरच आहे, पण त्याचं मूळ चित्र हातात धरून बघायला आपल्याला मिळणार नाहीये. दीनानाथ दलाल मात्र मिळतात. त्यांचं काम छापण्यासाठीच केलेलं होतं, त्यामुळे छापलेलं पान हेच त्यांचं घराघरात पोचलेलं चित्र. १९१६ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस मुंबईत आला, १९४५ मध्ये 'दीपावली' हा दिवाळी अंक काढला आणि १९७१ मध्ये जाईपर्यंत मराठी पुस्तकांची इतकी मुखपृष्ठं केली की आपल्या आजीआजोबांची वाचनाची आठवण म्हणजे बऱ्याचदा दलालांचं चित्रच असतं.

तर पहिलं काम, छापील प्रत शोधा. घरातलं जुनं कपाट, गावातलं वाचनालय, रद्दीवाला, फुटपाथवरचे जुने पुस्तकवाले, सगळीकडे विचारा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ असेल तर तिथे चौकशी करा, जुनी पुस्तकं नाजूक असतात म्हणून हात धुऊन पुसून मग उघडा. इंटरनेटवरचे फोटो अगदीच नाइलाज असेल तर, कारण त्यात रंग बदललेले असतात आणि कडा कापलेल्या असतात.

प्रत मिळाली की एक भिंग घ्या, साधं, स्टेशनरीच्या दुकानातलं चालेल, आणि चेहऱ्याच्या गालावर धरा. गालावर हलकी सावली दिसत असेल तर भिंगातून तिथे बारीक बारीक ठिपके दिसतील, पिवळे, लाल, निळे, काळे, हे हाफटोन. आणि जिथे नुसती काळी रेष किंवा सपाट रंग आहे तिथे बहुतेक वेळा ठिपके नसतील, सलग शाई असेल, तो लाइन ब्लॉक. तेव्हा चित्राचे धातूचे ब्लॉक बनायचे, प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि वेगळी छपाई, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला, वर कागदही साधा. हे डोक्यात ठेवून चित्राकडे परत बघा. दोनतीन रंगांत एवढं उठावदार चित्र का केलंय, आकार इतके मोठे आणि स्वच्छ का ठेवलेत, याचं बरंचसं उत्तर तिथे मिळतं. माझ्या मते हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण नेमका हाच सोडून देतात.

आता लिहायचं. "चित्र खूप सुंदर आहे, रंगसंगती मनमोहक आहे" असलं काहीही लिहू नका, ते कुठल्याही चित्राला लागू पडतं. आधी फक्त जे दिसतंय ते लिहा. समजा मुखपृष्ठावर एक बाई बसलेली आहे. तिची बाह्यरेषा कुठे जाड होते? हनुवटीखाली, कोपराच्या वळणावर, निऱ्या जिथे जमिनीला टेकतात तिथे? कुठे एकदम बारीक होऊन तुटते? पाठीची रेष पूर्ण काढलीय की मागच्या रंगालाच पाठ करून टाकलंय? एकूण रंग किती, आणि कागदाचा पांढरा हा रंग म्हणून वापरलाय का? पुस्तकाचं नाव कुठे बसलंय आणि त्याच्यासाठी जागा आधीच सोडलेली वाटते का? ही उत्तरं आली की मग "मला काय वाटलं" लिहा, आणि प्रत्येक वाटण्यामागे चित्रातली एक जागा दाखवा. "बाई थकलेली वाटते" एवढ्यावर थांबू नका, "खांद्याची रेष खाली उतरलीय आणि हात मांडीवर सैल पडलाय म्हणून थकलेली वाटते" असं लिहा.

जमलं तर शेजारी रघुवीर मुळगावकरांचं एखादं चित्र ठेवा. तेही गोव्याचेच आणि साधारण त्याच काळातले, पण त्यांचं स्प्रेचं काम गुळगुळीत, एका छटेतून दुसरी छटा अलगद उगवते. दोन्ही समोर असली की दलालांची रेषा काय करते ते आपोआप कळतं.

चित्राला हात घालण्याआधी एकदा ट्रेसिंग करा. हे जमा करायचं नाहीये, हाताला कळावं म्हणून करायचंय. ट्रेसिंग पेपर ठेवून दोन नंबरच्या ब्रशने नुसत्या रेषा ओढा, पेन्सिलने नको, कारण ब्रश दाबला की जाड आणि उचलला की बारीक हे पेन्सिलीत कळत नाही.

मग दलालांकडून एकच गोष्ट घ्या. रेषा घेतलीत तर रंग तुमचे, रंग घेतलेत तर रचना तुमची. आणि विषय तर तुमचाच पाहिजे, कमळं, हरणं, नायिका परत काढू नका. लोकलच्या लेडीज डब्यात घरी जाताना गवार निवडणारी बाई घ्या ना! मांडीवर पिशवी, अंगठ्याने देठ मोडलेला, पर्स काखेत, मान खाली. वळणं भरपूर आहेत आणि हातांना काम आहे. डब्यात कुणाचा न विचारता फोटो काढू नका, घरी आईला किंवा मावशीला पाच मिनिटं भाजी घेऊन बसवा आणि समोर बसून स्केच करा.

आधी काड्यापेटीएवढी चार-पाच छोटी स्केचेस, त्यात काळा, मधला आणि पांढरा एवढेच टोन. जे लांबून पण ओळखू येतं ते निवडा. कार्ट्रिज पेपर, तीन पोस्टर कलर आणि कागदाचा पांढरा, एवढ्यातच बसवायचं. रंग ताकाएवढा पातळ करा आणि एका भागाला लागेल तेवढा एकदमच कालवा, नंतर परत तीच छटा येत नाही. पहिला हात आडवा, पूर्ण वाळला की दुसरा उभा, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. रेषा सगळ्यात शेवटी. पोस्टर कलर पाण्याने परत सुटतो, त्यामुळे एकाच जागी ब्रश घासत बसलात की खालचा रंग वर येऊन रेष मळकी होते. म्हणून आधी रफ कागदावर तीच रेष चार वेळा ओढून बघा, मग मनगट न वळवता खांद्यापासून हात फिरवून एका दमात ओढा. एलिमेंट्री-इंटरमिजिएटला बसणाऱ्यांना हा सराव संकल्पचित्राच्या पेपरला पण उपयोगी पडतो, सपाट रंगकाम तिथेही लागतंच.

चित्राच्या मागे किंवा सोबतच्या कागदावर तीन गोष्टी लिहा, कुठलं मुखपृष्ठ बघितलं, त्यातून काय घेतलं, काय बदललं. दलालांचं नाव पूर्ण लिहा. आणि अभ्यासासाठी कॉपी करणं वेगळं, तिचे प्रिंट किंवा टीशर्ट विकणं वेगळं. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे दलालांच्या बाबतीत २०३१ संपेपर्यंत, तेव्हा ट्रेसिंग केलेला कागद फाइलमध्येच ठेवा आणि प्रदर्शनात तुमचं गवारवालं चित्र लावा.