रिमोट घेण्याआधीची तयारी

रिमोट म्हणजे दुसरीकडून इंटरनेटवरून ऑफिसच्या संगणकात शिरून काम करायची सोय. ती घ्यायची असेल तर ही तयारी जूनमध्येच हातात घ्या. जुलै लागला की सीए आणि कर सल्लागारांच्या ऑफिसात कोणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमका तेव्हाच घरून फोन येतो, "ताई, मला इथून ऑफिसचा संगणक दिसेल असं काहीतरी करून द्या ना." घाईत करून दिलेली ती सोय मग वर्षानुवर्षं तशीच राहते, पासवर्डसकट. सांगली-मिरज भागातल्या लहान ऑफिसांचे संगणक मी सांभाळते. बिघडलेल्या संगणकांनी मला जेवढं पळवलं नसेल तेवढं घाईत लावलेल्या रिमोटने पळवलं आहे. म्हणून कुठलं सॉफ्टवेअर चांगलं हे विचारण्याआधी पुढचं सगळं एकदा शांतपणे करून बघा, अशी कळकळीची विनंती आहे.

पहिलं काम कागद-पेनाचं. ऑफिसातला एकेक संगणक लिहून काढा आणि पुढे एवढंच लिहा: बाहेरून कोणी त्यात शिरेल तेव्हा त्याच्यासमोर माणूस बसलेला असेल का? प्रिंटर चालत नाही म्हणून मला फोन येतो, तेव्हा समोर कोणीतरी असतं, ते नंबर सांगतं, परवानगीचं बटण दाबतं, मी काय करते ते बघतं. रविवारी घरून टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडायचं असेल तर ऑफिसला कुलूप असतं. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्यात दर वेळी विचारणारं, काम संपलं की आपोआप बंद होणारं साधन हवं. दुसऱ्यात कायमची किल्ली द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी एकच सॉफ्टवेअर दोन्हींसाठी वापरतात आणि मग मदतीपुरता बोलावलेल्या माणसाकडेही कायमची किल्ली राहते. कागदावर ज्या संगणकांपुढे "माणूस असतो" असं लिहिलंत, त्यांना कायमचा पासवर्ड लावूच नका. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ संगणक ह्याच रकान्यात जातात.

आता यूएसबी टोकन, म्हणजे डिजिटल सही ज्यात असते ती पेनड्राइव्हसारखी वस्तू. जिथे डिजिटल सही चालते तिथे निवडीचा अर्धा निकाल इथेच लागतो, आणि जाहिरातीत ह्याबद्दल अवाक्षर नसतं. माझ्या एका ग्राहकाकडे २० तारखेच्या संध्याकाळी हे घडलं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, जीएसटीचं विवरणपत्र डिजिटल सहीने भरायचं होतं. संचालक पुण्याला, त्यांचं टोकन इथे कारखान्याच्या संगणकाला लावलेलं. ते विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने आत आले, सगळं भरलं, सहीच्या पायरीला पोर्टल म्हणालं की टोकन सापडत नाही. मी तासभर ड्रायव्हर (टोकन ओळखणारी सॉफ्टवेअरं) काढून-घालून बघितले, टोकन एका पोर्टमधून दुसऱ्यात लावून बघितलं. दोष कशातच नव्हता. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप सहीचं कार्ड किंवा टोकन तुमच्या हाताखालच्या संगणकात शोधतो, दूरच्या संगणकाला लावलेलं टोकन त्याला दिसतच नाही. तो बंद करून एनीडेस्कसारखं, समोरचा पडदा आहे तसा दाखवणारं सॉफ्टवेअर चालू केलं, आणि टोकन लगेच दिसलं. म्हणजे टोकन सोबत घेऊन फिरणार असाल तर पहिली पद्धत चालते, त्याचा ड्रायव्हर तेवढा दोन्हीकडे लागतो. टोकन ऑफिसात राहणार असेल तर दुसरीच हवी. कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक खरी सही करून बघा. आणि सही झाली की कोणाला तरी सांगून ते टोकन काढायला लावा. बाहेरून उघडता येणाऱ्या संगणकाला रात्रभर टोकन लावून ठेवणं म्हणजे कोरे चेक सही करून टेबलावर ठेवण्यासारखं आहे. पिन ज्याची त्यानेच टाकावी, हे तर सांगायलाही नको.

विंडोजच्या त्याच रिमोट डेस्कटॉपच्या आणखी दोन गोष्टी आधीच तपासा. संगणकावर विंडोजची होम आवृत्ती असेल तर त्यात अशा रीतीने शिरता येत नाही, प्रो लागते. लॅपटॉप घेताना हजारो रुपये वाचवलेले असतात ते इथे आठवतात. आणि तुम्ही आत शिरलात की तिथल्या पडद्यावर लॉक लागतो, समोर बसलेल्याला काही दिसत नाही. घरून काम करताना हे उत्तम, कारण रिकाम्या ऑफिसात तुमचं काम कोणी वाचू शकत नाही. पण मदत करताना समोरच्याला सगळं दिसलंच पाहिजे, त्यामुळे तिथे हे साधन उपयोगाचं नाही.

मदतीसाठी बसवायची भानगड नसलेलं साधन हवं असेल तर क्विक असिस्ट आधी बघा. मायक्रोसॉफ्टचंच आहे. मदत करणाऱ्याने खात्यात लॉगिन करायचं, मदत घेणाऱ्याने फक्त कोड टाकायचा. गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉपही साधं आहे. त्याचा मदतीचा कोड पाच मिनिटांत शिळा होतो आणि दर अर्ध्या तासाने पडदा दाखवत राहायचं का, असं ते समोरच्याला विचारतं; मला ही सवय फार आवडते. एक अडचण मात्र अशा साधनांत हमखास येते. काहीतरी बसवायला गेलं की विंडोज परवानगी विचारतं, त्या क्षणी मदत करणाऱ्याकडे पडदा काळा होतो आणि "होय" तिथल्याच माणसाला दाबावं लागतं. ॲडमिनचा पासवर्ड मागितला तर? तो कोणाला माहीत आहे हे आजच विचारून ठेवा. कित्येक ऑफिसांत तो नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या डोक्यात असतो.

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही दोन्ही मूळची जर्मन नावं आपल्याकडे घराघरांत पोचली आहेत. "एनीडेस्क घ्या" हे तर आता क्रियापदासारखं झालं आहे. दोन्ही फुकट मिळतात, पण घरगुती वापरासाठीच. धंद्यासाठी वापरताय असं त्यांच्या लक्षात आलं की कनेक्शन मध्येच तुटायला लागतं, आणि ते शेवटच्या तारखेलाच लक्षात येतं असा माझा अनुभव आहे. ऑफिससाठी वापरायचं तर पैसे भरा. दरपत्रक वाचताना किती संगणक, एका वेळी किती जण, मोबाइलवरून चालतं का, हे तिन्ही वेगवेगळं मोजतात, तिकडे लक्ष द्या. चेन्नईच्या झोहोचं असिस्टही ह्या यादीत घालून तुलना करा. रस्टडेस्कचा स्रोत खुला आहे आणि दोन संगणकांना जोडून देणारा त्याचा सर्व्हर आपला आपण चालवता येतो, म्हणजे मधला दलाल आपलाच. पण तो सर्व्हर अद्ययावत ठेवणारा माणूस तुमच्याकडे असेल तरच हा मार्ग धरा, कारण लावून विसरलेला सर्व्हर भाड्याच्या सर्व्हरपेक्षा वाईट.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, कोणी कितीही अनुभवी माणसाने सुचवली तरी. राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, उघडून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवू नका. जगभर यंत्रं रात्रंदिवस उघडी पोर्टं शोधत फिरत असतात आणि सापडलेल्या दारावर पासवर्ड मारून बघत बसतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट उघड झाली, तिच्यामुळे जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायही शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टला विंडोज एक्सपीसारख्या केव्हाच निवृत्त केलेल्या आवृत्तीसाठीही दुरुस्ती काढावी लागली होती, इतकं ते गंभीर होतं. रिमोट डेस्कटॉप हवाच असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा खाजगी बंदिस्त रस्ता, मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप. टेलस्केलसारखी व्हीपीएनची साधनं बसवायला सोपी आहेत आणि ज्या ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही तिथेही चालतात.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास बघताना "कधीच हल्ला झाला नाही" असं सांगणारी शोधू नका. एनीडेस्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं, संकेतस्थळावरचे ग्राहकांचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअर अस्सल आहे हे दाखवणारी सहीची प्रमाणपत्रं बदलली. तेव्हा माझ्या ग्राहकांकडच्या आवृत्त्या मी एकेक करून तपासल्या, आणि निम्म्या तरी जुन्या निघाल्या. सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होतं का, हे म्हणून यादीत लिहा.

ह्या सगळ्याहून मोठा धोका फोनवरून येतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्क बसवायला लावून लोकांच्या मोबाइलमधून यूपीआयने पैसे काढले जात आहेत. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की तांत्रिक मदत देणारे असल्याचं भासवून भामटे क्विक असिस्टचाही असाच वापर करतात. सॉफ्टवेअर खरंच असतं, फक्त पलीकडचा माणूस खोटा असतो. त्यामुळे ऑफिसात एक नियम आजपासून लावा: आलेल्या फोनवर कोणालाही रिमोट द्यायचा नाही, फोन ठेवायचा आणि आपल्याकडे लिहिलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. मी स्वतः फोन केला तरीही. माझ्या ग्राहकांना मी हे मुद्दाम बजावते, आणि मिरजेच्या एका ऑफिसातल्या मावशींनी खरोखर माझा फोन ठेवून परत लावला तेव्हा मला फार समाधान वाटलं. चुकून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवा; पहिले काही तास मोलाचे असतात.

विजेचं थोडक्यात सांगते, पण ते सोडू नका. संगणक झोपी गेला की बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. लाइट जाऊन आल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, असते, ती चालू करा. आणि राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. संगणक यूपीएसवर चालू आणि राउटर बंद, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

मराठी टायपिंग करणाऱ्या ऑफिसांनी आणखी एक चाचणी घ्यावी. काही साधनं दाबलेली कळ पाठवतात, काही उमटलेलं अक्षर पाठवतात. दोन्हीकडे मराठी कीबोर्ड चालू असेल तर अक्षरांचा खिचडा होतो. दूरच्या संगणकावर मराठी आणि हाताखालच्यावर इंग्रजी ठेवून "कुऱ्हाड", "क्षेत्रज्ञ", "ॲडव्होकेट" एवढे तीन शब्द टाइप करा, मग हेच शब्द इकडून कॉपी करून तिकडे चिकटवा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या जुन्या फाइली असतील तर त्यांचा फाँट दोन्हीकडे आहे का तेही बघा, नाहीतर घरी उघडलेल्या ठरावात इंग्रजी चिन्हांची रांग दिसेल. टॅलीवाल्यांनी एफ२ आणि ऑल्ट-एफ२ पलीकडे पोचतात का ते तपासावं. तारीख बदलायला उंदीर शोधावा लागला तर दिवसाला शेकडो नोंदी करणारी व्यक्ती दुसऱ्याच दिवशी कंटाळून ऑफिसला येईल. चाचणी ऑफिसच्या फायबर जोडणीवर नको. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, संध्याकाळी सातच्या गर्दीत घ्या.

मग किल्ल्यांची वही. कायमचा प्रवेश ज्या संगणकांना दिला त्यांवर दोन टप्प्यांची ओळख (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करा, कुठल्या आयडींनाच आत येऊ द्यायचं ती यादी सॉफ्टवेअरमध्ये भरा, आणि कोण कधी आलं त्याच्या नोंदी जपा. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. सॉफ्टवेअर नोंदी तेवढे दिवस ठेवत नसेल तर त्या दर महिन्याला उतरवून घ्यायचं काम कोणाच्या तरी नावाने लिहा. नोकरी सोडणाऱ्याचा हिशोब करताना चाव्या परत घेता तशी त्याची आयडी त्याच दिवशी काढा. बाहेरच्या तंत्रज्ञाचीही, म्हणजे मी काम सोडलं तर माझीसुद्धा.

हे सगळं झालं की एक शनिवार दुपार राखून ठेवा. सगळे घरी गेल्यावर ऑफिसची मेन स्विच दहा मिनिटं बंद करून परत चालू करा, कुलूप लावा, आणि ज्याला घरून काम करायचं आहे त्याने घरून आत शिरायचा प्रयत्न करावा. सोमवारी त्या संगणकासमोर बसणाऱ्याला विचारून घ्या की पडद्यावर काही उघडं राहिलं होतं का, प्रिंटरवर कोणाचं पान पडलेलं होतं का. मग त्या व्यक्तीकडून मदतीचा कोड घेऊन एक छोटी दुरुस्ती करून बघा, आणि वहीत दोन्ही चाचण्यांची तारीख घाला.