फलाची किंमत दिली असताना क्ष काढताय? या चुका टाळा

फ(क्ष) = क्ष² − ५क्ष + ७ आणि फ(क्ष) = १३, तर क्ष काढा. गणित चार ओळींचं, पण वह्या तपासताना माझं लाल पेन इथेच सारखं अडतं.

काही मुलं क्षच्या जागी १३ घालतात, १६९ − ६५ + ७ = १११ लिहितात आणि मोकळी होतात. पण ते झालं फ(१३). इथे १३ ही फलाची किंमत आहे, क्ष अजून सापडायचाच आहे. काही जण १३ कडे बघतच नाहीत, थेट क्ष² − ५क्ष + ७ = ० सोडवतात. विवेचक (२५ − ४ × ७) −३ येतो आणि खाली ‘वास्तव मुळे नाहीत’ असं ठणठणीत अक्षरात उत्तर! आधी १३ डावीकडे घ्या: क्ष² − ५क्ष − ६ = ०, म्हणजे (क्ष − ६)(क्ष + १) = ०. क्ष = ६ किंवा −१.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या चुकीची, कारण ती अर्धी बरोबर येते. क्ष(क्ष − ५) = ६, म्हणून क्ष = ६ किंवा क्ष − ५ = ६, म्हणजे ११. यातलं ६ बरोबर आहे, पण ते निव्वळ नशिबानं. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तरच त्यातली एक शून्य असते. गुणाकार ६ असेल तर २ × ३ सुद्धा चालतं. ११ ठेवून बघा: १२१ − ५५ + ७ = ७३. हा ताळा करायला अर्धं मिनिट पुरतं.

आता याच फलाला फ(क्ष) = ७ द्या. क्ष² − ५क्ष = ० येतं. दोन्ही बाजूंना क्षने भागलंत की ५ उरतो आणि ० हे मूळ हातचं जातं. भागू नका, क्ष सामाईक काढा.

पहिलं समीकरण, क्ष² − ५क्ष − ६ = ०, वर्गसमीकरणाच्या सूत्राने सोडवणाऱ्यांनी −(−५) = ५ हे वेगळं लिहावं, आणि भागाकाराची रेघ ५ ± ७ या सगळ्याखाली ओढावी.

शाब्दिक उदाहरणात मात्र समीकरण सुटल्यावरही एक काम उरतं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांचं उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतकी वानरं गुहेत गेली, एक बाहेर दिसतं. मुळे येतात ५० आणि ५. पण ५ घेतले तर पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की −२. म्हणून भास्कराचार्य ५ सोडून देतात आणि ५० घेतात.