तोंडाला कोरड पडते? या चुका टाळा

तोंडाला कोरड पडली की आपण ती तहान समजून पाण्याचा तांब्या जवळ करतो, आणि पहिली चूक तिथेच होते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. पाण्याने घास ओला होईल, पण आम्लाचा जोर मोडणे, दातांची झीज भरून काढणे आणि बुरशीला आवर घालणे ही कामे लाळेचीच आहेत. रात्री घटाघट पाणी प्यायल्याने फक्त लघवीसाठी उठावे लागते. अधूनमधून एखादा घोट घेणे पुरेसे असते.

सदाशिव पेठेतल्या घरी माझ्या आईच्या उशाशी खडीसाखरेची डबी असे. कोरड पडली की ती एक खडा गालात धरून झोपी जाई. वर्षभरात तीन दात हिरडीलगत किडले, कारण साखर धुऊन काढायला लाळच नव्हती. दंतवैद्यांनी आधी तिची औषधांची पिशवी मागितली. सर्दीसाठी सेट्रिझिन, झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन आणि वारंवार होणाऱ्या लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, अशा लाळ आटवणाऱ्या तीन गोळ्या तीन डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या होत्या. अशा वेळी गोळ्या मनाने बंद करणे ही त्याहून मोठी चूक ठरते. सगळी पाकिटे एकाच डॉक्टरांसमोर ठेवून गोळी किंवा मात्रा बदलता येईल का, हे विचारावे.

लिंबाची फोड किंवा आंबट गोळी चोखल्याने लाळ सुटते हे खरे, पण कोरड्या तोंडात ते आम्ल दातांचे कवच झिजवते. त्याऐवजी झायलिटॉल (दात न किडवणारा गोड पदार्थ) असलेले बिनसाखरेचे च्युइंगम चघळावे. अल्कोहोलयुक्त माउथवॉश टाळावा, फ्लोराइडची पेस्ट वापरावी. मिश्री तर कायमची सोडावी, कारण ती जाळलेली तंबाखूच आहे. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत नाक चोंदून तोंडाने श्वास घेणाऱ्यांनी आधी नाकाचा इलाज करावा.

कोरडीबरोबर तहान आणि लघवी वाढली असेल, तर रक्तातली साखर तपासावी. डोळ्यांतही वाळू गेल्यासारखे खुपत असेल आणि कोरडी बिस्किटे पाण्याशिवाय उतरत नसतील, तर श्योग्रेन या आजाराची (यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते) शक्यता संधिवाततज्ज्ञांकडून पडताळून घ्यावी. त्यात, किंवा कर्करोगासाठी मानेवर रेडिएशन झालेल्यांना, लाळ वाढवणारी पायलोकार्पिनची गोळी काही वेळा दिली जाते. मात्र दमा किंवा काचबिंदू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.