घरच्या घरी कंपोस्ट करताय? मग या चुका टाळा

कंपोस्टची, म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करायची बादली मोठ्या हौसेने घरी येते आणि महिना दीड महिन्यात गच्चीच्या कोपऱ्यात पालथी पडलेली दिसते. का बंद केलं विचारलं तर उत्तर ठरलेलं, वास मारायला लागला, अळ्या झाल्या, घरचे ओरडले. मला खरंच वाईट वाटतं हे ऐकून, कारण यातली एकही अडचण अशी नाहीये की जी घरातल्या घरात काही दिवसांत सुटणार नाही. आणि आपण सोडून दिलं की तो ओला कचरा जातो कुठे? कचरा डेपोत, जसं मुंबईचं देवनार, जिथे जानेवारी 2016 मध्ये आग लागली आणि धूर कित्येक दिवस आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये पसरला. पुण्याचा कचरा ज्यांच्या शेजारी टाकला गेला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं काय सोसलंय ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवा न मिळता कुजतो, त्यातून मिथेन निघतो, आणि तो पेटतोही आणि हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट भारी पडतो. म्हणजे आपल्या भाजीच्या देठांनी दुसऱ्याच्या गावाचं वाटोळं होतं, म्हणून म्हणते, बादली सोडू नका, चूक शोधा.

सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निम्म्या तक्रारी हिच्यातूनच येतात, ती म्हणजे सुकं मटेरियल घरात नसताना सुरुवात करणं. लोक बादली विकत घेतात, कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पुडी घेतात आणि रोजच्या साली, देठं, चहाचा चोथा नुसता टाकत जातात. अहो पण भाजीपाल्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, कलिंगडाच्या साली टाकल्या तर बघायलाच नको, ते सगळं पाणी खाली बसतं, हवेला जागा राहत नाही आणि मग आंबट, नासका वास सुटतो. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजन लागतो तसा कार्बनही लागतो, साधारण एका भागाला पंचवीस-तीस भाग, आणि तो कार्बन मिळतो सुक्या पाल्यातून, लाकडाच्या भुशातून, कोकोपीटमधून, फाडलेल्या पुठ्ठ्यातून. एवढं गणित रोज कोण करणार, तर सोपा हिशोब असा की एक वाटी ओलं टाकलं की वर एक ते दोन वाट्या सुकं, आणि ओलं कधीच उघडं दिसता कामा नये. भुसा घ्याल तर साध्या लाकडाचा घ्या, प्लायवूडचा नको, त्यात गोंद आणि केमिकल असतं. चकचकीत छापलेला कागदही नको, साधा वर्तमानपत्राचा कागद चालतो.

आता सुकं आणायचं कुठून? आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बदामाची, पिंपळाची पानं धो धो गळतात आणि सोसायट्यांमध्ये ती झाडून चक्क जाळतात. तेव्हाच दोन-तीन पोती भरून ठेवा, वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवलं तर ते स्वतःच बाजूला काढून देतात. जुलैत शोधायला निघालात तर सगळा पाला भिजलेला असणार, आणि पावसाळ्यातच तर त्याची सगळ्यात जास्त गरज पडते.

ओलावा बरोबर आहे का हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. बादलीच्या मधून मूठभर घ्या, ग्लोव्ह्ज घालून घ्या हवं तर, आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर एकदम बरोबर. धार लागली तर भरपूर सुका पाला टाकून तळापर्यंत हलवा. आणि मूठ उघडल्यावर सगळं भुरभुरत सुटलं तर फार कोरडं आहे, थोडं पाणी नाहीतर ताजं नसलेलं पातळ ताक शिंपडा. मुंग्या झाल्यात अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा मिश्रण कोरडंच असतं, त्यात गोड चहाचा चोथा न धुता टाकलेला असतो. चोथा गाळणीतच नळाखाली धरायचा आणि मग टाकायचा, बस.

वास आला तर नुसतं नाक दाबून झाकण लावू नका, वास कसला ते ओळखा. आंबट किंवा सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही, उकरा आणि सुकं मिसळा. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर ओलं, म्हणजे नायट्रोजनवालं जास्त झालंय, तिथेही सुकंच वाढवायचं. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास आला तर काही करूच नका, तुमचं छान चाललंय.

आणि ते झाकण. वास बाहेर येऊ नये म्हणून लोक हवाबंद डबा वापरतात, हे अगदी उलटं आहे. ज्या बादलीत हवा खेळते तिलाच वास कमी येतो. साधी वीस लिटरची बादली घ्या, चारी बाजूंनी आणि तळाला ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने भोकं पाडा, खाली विटांचे तुकडे देऊन ताट ठेवा, आठवड्यातून दोनदा काठीने तळापासून हलवा. मातीचे माठ मिळत असतील तर उत्तमच, त्यांच्या भिंतीतूनही हवा जाते. महागडं सेट घेतलंच पाहिजे असं अजिबात नाही. ताटात तपकिरी पाणी फार जमायला लागलं तर ते खत मिळतंय म्हणून खूश होऊ नका, ती बादली फार ओली असल्याची खूण आहे. त्या पाण्याला घाण वास नसेल तरच दहापट साधं पाणी घालून झाडांना द्या, नुसतं ओतलंत तर मुळं करपतात.

अळ्यांबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण इथेच सगळ्यात जास्त माणसं गळतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी सकाळी झाकण उघडलं आणि फिकट करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळताना बघून सगळी बादली कचरागाडीत रिकामी करायला काढली होती. त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या होत्या. ही माशी चावत नाही, आपल्या जेवणावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा इतक्या झपाट्याने खातात की घरमाश्यांना तिथे जागाच उरत नाही. काकूंनी वर पाल्याचा चार बोटं जाड थर दिला, थोडी निंबोळी पेंड भुरभुरली, आणि काही दिवसांत त्या दिसेनाशा झाल्या. बादली अजून चालू आहे. छोटी चिलटं मात्र त्रास देतात, ती फळांच्या उघड्या सालींवर येतात, तेव्हा केळ्याची-आंब्याची साल बारीक चिरून खाली पुरायची आणि वर सुकं. पांढरी बुरशी दिसली तरी घाबरू नका, ती कामच करत असते.

काय टाकायचं नाही यावरही बराच गोंधळ असतो. लिंबाची साल अजिबात नको असं सांगतात, पण दोन-चार साली बारीक करून टाकल्या तर काही बिघडत नाही. करवंट्या, आंब्याच्या कोयी, हाडं मात्र घरच्या बादलीत लवकर कुजत नाहीत. तेल-मिठाचं खरकटं, रस्सा, मासळी टाकली की उंदीर येतात, शिवाय उरलेली पोळी-भाजी कुजवण्यापेक्षा रात्रीचा स्वयंपाक मोजून करणं कधीही चांगलं. निर्माल्याची फुलं छान कुजतात, फक्त हारातला दोरा, जरी, प्लॅस्टिकची चमकी काढून घ्या. फळांवरचे स्टिकरही काढा. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या पिशव्या टाकून बघणारे पण आहेत, त्या पिशव्या घरच्या बादलीतल्या साध्या तापमानात सहसा कुजत नाहीत, तशाच राहतात.

एक चूक कोणी फारशी बोलत नाही. एकच बादली ठेवायची आणि रोज वरून ताजं टाकत राहायचं, मग तीन महिन्यांनी म्हणायचं की खत होतच नाहीये. होणार कसं, रोज नवीन कच्चा माल पडतोय ना. दोन बादल्या लागतातच, एक भरली की तिला हात लावायचा नाही, फक्त अधूनमधून हलवायची, आणि दुसरी सुरू करायची. साधारण दीड-दोन महिन्यांत पहिली तयार होते, थंडीत जरा जास्त वेळ. बादली गरम होत नाही म्हणूनही लोक काळजीत पडतात, पण एवढ्याशा ढिगात उष्णता टिकत नाही, त्याने काही अडत नाही, काम हळू होतं इतकंच.

तयार झालं की नाही बघायला थोडं ओलं करून पिशवीत बांधून दोन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते मातीतला नायट्रोजन स्वतःच ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात, मग दोष कंपोस्टला. आणि तयार खतही नुसतं भरू नका, तीन भाग मातीला एक भाग पुरे.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना काय करायचं हे हमखास विचारलं जातं. काही नाही, जायच्या आदल्या दिवशी ओलं टाकणं बंद करा, एकदा खालपर्यंत हलवा, वर पाल्याचा जाड थर द्या, पाऊस लागणार नाही अशा जागी सरकवा आणि कुलूप लावून निघा. पंधरा दिवसांनी आलात तरी बादली जिथल्या तिथे असते, फक्त थोडी खाली बसलेली, कोरडी वाटली तर पाणी शिंपडून परत सुरू करा.