म्हातारा कॉकाटिल घरी आणताय? जुना पिंजराही मागून घ्या

कोणी वयस्कर कॉकाटिल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) देत असेल तर पक्ष्यासोबत त्याचा पिंजराही मागा. वाकडा असो, जुनाट असो, तोच आणा. त्या बिचाऱ्याची माणसं, खिडकी, आवाज सगळं एका दिवसात गेलेलं असतं. निदान बसायचा दांडा, दाण्याची वाटी आणि रात्री झाकायचं फडकं तरी ओळखीचं राहू द्या. नवा मोठा पिंजरा, झुला, खेळणी ही हौस दीड-दोन महिने खिशातच ठेवा.

माझं कूलर दुरुस्तीचं काम आहे, नागपुरात सक्करदऱ्याला. धरमपेठेतल्या एका घरी कूलर उतरवायला गेलो आणि त्यांच्या म्हाताऱ्या कॉकाटिलला, गोट्याला, घेऊन आलो. ते लोक मुलाकडे बंगळूरला निघाले होते. नीट सांभाळला तर हा पक्षी 15 ते 20 वर्षं जगतो, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे ‘म्हातारा आहे, किती दिवसाचा’ म्हणून कोणी नाक मुरडलं तर ऐकू नका. (कंठवाला देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कॉकाटिल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याची गोष्ट वेगळी.)

आधीच्या मालकाला चार गोष्टी विचाराच: काय खातो, किती वाजता झोपतो, रात्री दिवा असतो का, आणि हाताला भितो का. उत्तरं कागदावर लिहून घ्या.

आता वजनकाटा. माझ्या मते पिंजऱ्याइतकाच गरजेचा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, त्यावर छोटा दांडा ठेवा आणि सकाळी दाणे द्यायच्या आधी पक्ष्याला त्यावर बसवा. साधारण कॉकाटिल 80 ते 110 ग्रॅम भरतो, पण तुमच्या पक्ष्याचा नेहमीचा आकडा कोणता, ते महत्त्वाचं. पक्षी आजार लपवतो. पिसांखाली छातीचं हाड वर आलेलं डोळ्यांना दिसत नाही. वजन दहावा हिस्सा उतरलं की डॉक्टर, दुसरा विचार नाही. पिसं फुलवून दिवसभर बसणं, श्वासागणिक शेपूट वर-खाली होणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरून बसणं, यातलं काही दिसलं तर काट्याचीही वाट पाहू नका.

आणल्यावर पहिल्या आठवड्यातच एकदा तपासून घ्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी पाहत नाहीत, म्हणून आधी फोन करा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते. विष्ठा तपासायला सांगा. पोपटवर्गातल्या पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक ताप असतो, तेव्हा घरात कोणाला ताप-खोकला रेंगाळला तर आपल्या डॉक्टरलाही पक्षी आणल्याचं सांगा. घरात आधीच दुसरा पक्षी असेल तर महिनाभर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.

खाण्याचं बोलू. अशा पक्ष्यांना बहुतेकदा आयुष्यभर नुसते दाणे मिळालेले असतात, त्यातही सूर्यफुलाच्या बिया. त्यानं लिव्हरवर चरबी चढते, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. चोच वेडीवाकडी वाढत असेल तर तेही लिव्हरचं लक्षण असू शकतं. पण म्हणून एका दिवसात दाणे बंद करून पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार गोळीखाद्य) समोर ठेवले तर म्हातारा पक्षी उपाशी मरेल, ते खाणार नाही. राळा-बाजरी चालू ठेवा, पेलेट चिमूटभर मिसळा, आणि काट्यावर नजर ठेवून हळूहळू वाढवा. सकाळी भूक असते तेव्हा बारीक चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, उकडलेलं लाल कोहळं, मोड आलेले मूग द्या. आमची आई पहिले काही दिवस रोज विचारायची, ‘काहून रे, हा खाऊन नाही राहिला?’ मग तीच मेथीची काडी त्याच्यासमोर स्वतः चावायला लागली. तेव्हा कुठे त्यानं चोच लावली. वाटी भरलेली दिसली म्हणून फसू नका, वर नुसती टरफलं असतात. फुंकर मारून पाहा. कांदा, लसूण, चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो कधीच नाही.

वय झालं की पाय दुखतात. गुळगुळीत, एकाच जाडीचा दांडा काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. पण एका वेळी एकच. बसायची जागा खाली आणा, वाट्या तिच्या उंचीला ठेवा, आणि एक सपाट फळी द्या. सँडपेपरचं आवरण नको, तळवे सोलतात. मोतीबिंदू असेल तर मांडणी अजिबात हलवू नका, तो आठवणीनं चालतो.

पिंजरा पुढे बदललाच तर माझ्या धंद्यातली एक गोष्ट. कूलरच्या पत्र्यावर असतो तसा जस्ताचा मुलामा स्वस्त जाळीवरही असतो. पक्षी चोचीनं तो खरवडतो आणि जस्त पोटात गेलं की विष. स्टेनलेस स्टील घ्या. परवडत नसेल तर पावडर कोटिंगचा घ्या, पण कोटिंगचे पोपडे निघताहेत का पाहत राहा.

आणि नागपूरचा मे. पारा 45 च्या वर जातो. ऑस्ट्रेलियातही ऊन असतं, पण तिथे तो सावलीला, पाण्याला उडून जातो. पिंजऱ्यात कुठे जाणार? कूलर लावा, पण झोत पिंजऱ्यावर नको, आणि समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ कोंडते. कूलरच्या गवताच्या ताट्या दरवर्षी बदला. मागच्या सालच्या काळ्या पडलेल्या गवतात बुरशी असते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात बसते. टाकीत अत्तर वगैरे घालू नका. चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले दिसले की तो तापला आहे: गार खोलीत न्या, पाय साध्या पाण्यानं ओले करा, बर्फाचं पाणी नको. दुपारी वीज गेली तर पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर ओला टॉवेल.

स्वयंपाकघरात पिंजरा नकोच. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानं पक्षी मिनिटांत मरतो. सावजी रश्श्याची फोडणी, उदबत्ती, कासवछाप, रंगाचा वास, हे सगळं त्याच्यापासून लांब.

मादी असेल तर पाठीवरून हात फिरवू नका, खोकं किंवा अंधारा कोपरा देऊ नका. म्हातारपणी अंडी घालणं तिच्या जिवावर बेततं. अंडं अडून ती जोर करत बसलेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

रात्री 10 ते 12 तास झोप हवी. कॉकाटिल अंधारात दचकून पिंजराभर आदळतात, म्हणून झिरोचा बल्ब सुरू ठेवा. गणपतीच्या डीजेला आणि दिवाळीच्या फटाक्यांना त्याला आतल्या खोलीत हलवा, फडकं तेच जुनं. डिसेंबर-जानेवारीत खिडकीजवळून काढा आणि तीन बाजू झाका.

बाहेरगावी जायचं असेल तर पक्षी हलवू नका, माणूस बोलवा. आम्ही शेजारच्या काकूंना किल्ली देतो, आणि सोबत तो कागद व वजनकाटा.