सोलापूरच्या उन्हात जलरंग: शेताचं चित्र थरांनी कसं उभं करायचं

जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. तो एकदा झाकला की परत मिळवणं कठीण, म्हणून फिक्याकडून गडदाकडेच जायचं. सोलापुरात आणखी एक अडचण असते. हवा इतकी कोरडी, की वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, हाताखालीच वाळतो. एप्रिल-मेत बाहेर बसून आभाळाचा सलग वॉश नवख्याला साधत नाही. शिवाय मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावलीच उरत नाही. सुरुवातीला फेब्रुवारीची सकाळ धरा: शाळू निघालेला, कडब्याच्या गंजी लागलेल्या, सावल्या लांब. नान्नज किंवा हिप्परग्याच्या बाजूला विषयांना तोटा नाही.

कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड), 11 बाय 15 इंच. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. 1 इंची चपटा ब्रश, 12 आणि 6 नंबरचे गोल ब्रश पुरतात. रंग पाचच: लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन (गडद निळा). तयार काळा घेऊ नका, तो चित्र मारतो.

रेखाटनातच सावलीची दिशा नोंदवा, तासाभरात ती सरकते. मग कागद ओला करून वरून अल्ट्रामरीन, क्षितिजाशी फिका ऑकर, आणि तोच ऑकर खाली शेतावर ओढा. गंजीची उन्हाची बाजू कोरी सोडा. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा हात थोडा सढळ हवा.

दुसऱ्या थराआधी बोटांची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. अशा वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकला, की फुलकोबीसारखे डाग उमटतात.

आता गंजी नीट पाहा. उन्हातला कडबा पिवळा नसतो, जवळजवळ पांढरा दिसतो. सावलीची बाजू जांभळट करडी: अल्ट्रामरीन, थोडा क्रिमसन, किंचित सिएना. जमिनीलगत मात्र मातीवरून परतलेला उजेड असतो, तिथे ओल्यातच सिएना सोडा. पेंढी पेंढी रंगवत बसू नका. उजेड-सावलीच्या कडेवर कोरड्या ब्रशचे चार फटकारे बास.

काळ्या मातीसाठी अल्ट्रामरीन आणि सिएना. ढेकळांच्या उन्हाच्या अंगाला सिएना जास्त, सावलीला निळा. एकदा लावून हात काढा; घोटत राहिलात तर खालचा थर सुटून सगळं गढूळ होतं. पडलेल्या सावल्या सगळ्यात शेवटी, एकाच मिश्रणाने, एका दमात.